दाद्याचा एक तास कुठं हरवला होता

दाद्याच्या वाढत्या वजनाकडं आमचं लक्ष जायची सुरुवात युनिफॉर्मच्या दुकानात झाली. मागच्या वर्षी जूनमध्ये ताई दाद्याला घेऊन मोती चौकाकडं गेलेली, पाचवीच्या मापाची पँट काही केल्या कमरेला बसेना, हुक लागेना, मग दुकानदारानं आपलं सहज सांगितलं की आठवीची घ्या ताई आणि खालून दुमडून शिवून घ्या. चार इंच दुमडावी लागली. दुकानात त्याच्याच वर्गातली दोन पोरं उभी होती, त्यांनी ते सगळं बघितलं. घरी आल्यावर दाद्या जेवायला उठला नाही, भिंतीकडं तोंड करून झोपला, आणि रात्री ताईचा मला फोन, "अरे याला काय आजार-बिजार आहे का रे?"

मी जिल्ह्यातल्याच एका गावात शाळेवर पीटी शिकवतो. दाद्या माझा सख्खा भाचा, तेव्हा वय १०, साताऱ्यात गोडोलीला फ्लॅटमध्ये राहतो. घरात ताई, दाजी, दाजींची आई म्हणजे त्याची आज्जी, आणि तो. घरच्यांना विचारूनच लिहितोय, खरं नाव टाकत नाही, घरात दाद्या म्हणतात तेच इथं वापरतो. जून ते जून अशी एका वर्षाची नोंद आहे ही, वजन-उंची वहीत लिहून ठेवलेली आहे त्यामुळं आकडे अंदाजाचे नाहीत.

पहिल्या दिवशीचे आकडे: उंची १३८ सेंटीमीटर, वजन ४५ किलो, कंबर ७८. त्याच्या आदल्या जूनला शाळेच्या हेल्थ कार्डावर वजन होतं ३८, म्हणजे एका वर्षात ७ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो, तो आला २३.६. मोठ्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही, पण पोरांचं गणित वेगळं असतं, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर बघावं लागतं, आणि बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यावर १० वर्षाच्या पोराला हा आकडा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. घरी करायला एक सोपी तपासणी आहे, कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत पाहिजे. दाद्याची ६९ च्या आत पाहिजे होती, होती ७८.

डॉक्टरांकडं गेलो तेव्हा आज्जी पण आलेली. डॉक्टरांनी आधी त्याची कॉलर खाली ओढून मान बघितली. मान मागच्या बाजूनं काळी पडलेली, घडीघडीची, हात लावला तर मखमलीसारखी लागायची. आता ही मान आज्जी गेलं वर्षभर रोज घासत होती. आधी डाळीचं पीठ आणि लिंबू, मग साबण, शेवटी प्लास्टिकची घासणी, पोराची मान लाल व्हायची आणि तो रडायचा, आणि आज्जीला वाटायचं पोरगं नीट आंघोळ करत नाही. डॉक्टर म्हणाले, "आज्जी, हा मळ नाही, हे घासून जाणार नाही." रक्तात साखर नॉर्मल आहे पण ती नॉर्मल ठेवायला शरीराला जास्तीचं इन्शुलिन सोडावं लागतंय, पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि ते जास्तीचं इन्शुलिन कातडी अशी जाड आणि काळी करतं, असं त्यांनी समजावलं. हे असंच चालू राहिलं तर पुढं डायबेटिस. लिव्हरची तपासणी थोडी वर आलेली. थायरॉईडचं ताईनं विचारलं, सगळेच विचारतात, तर डॉक्टर म्हणाले पोराची उंची झकास वाढतेय, हार्मोनची गडबड असती तर बहुतेक वेळा उंची आधी खुंटते.

आज्जी तिथं काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर त्याची मान कुरवाळत बसली.

डॉक्टरांनी डाएट दिलाच नाही. याचं वजन कमी करायचं नाही, फक्त थांबवायचं, उंची वाढतेय ती आपलं काम करेल, असं म्हणाले. आणि दुसरं म्हणजे आठवडाभर पोराचा दिवस लिहून काढा, कधी उठला, किती बसला, किती हालला. मला तर हे औषधापेक्षा मोठं वाटलं.

बुधवारचं पान अजून माझ्याकडं आहे. उठला सव्वासहाला. सव्वासातला व्हॅन, कारण व्हॅनवाले काका पहिलं पोरगं यालाच घेतात आणि मग अख्खं गाव फिरून आठला शाळेत टाकतात. शाळा घरापासून किती, तर दीड किलोमीटर. म्हणजे चालत बावीस-पंचवीस मिनिटांचं अंतर पोरगं पाऊण तास बसून कापत होतं. शाळेत अडीचपर्यंत बाकावर. मधली सुट्टी पंधरा मिनिटं, त्यातली बारा डबा खाण्यात. घरी सव्वातीनला, लिफ्टनं वर. खाणं, टीव्ही. साडेचार ते साडेसहा ट्यूशन, ती पण मागच्याच गल्लीत, पण ताई स्कूटीवर सोडायची कारण उशीर होतो. मग होमवर्क, मोबाईल, दाजी दुकान बंद करून साडेनऊला आले की टीव्हीसमोर सगळ्यांचं जेवण, अकराला झोप. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे, आणि त्यात आठवड्यातनं ३ दिवस तरी जोरकस, हाडं-स्नायूंना ताण देणारी. दाद्याची बुधवारची सगळी हालचाल जोडली, व्हॅनपासून वर्गापर्यंत चाललेलं पण धरलं, तर १९ मिनिटं. आणि झोप सव्वासात तास, जिथं या वयाला ९ ते १२ तास लागतात. झोप कमी पडली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं, दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलंच खावंसं वाटतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ते पान बघून दाजी गप्प झाले. तोपर्यंत ते म्हणायचे की पोरगं आळशी आहे. अरे पण त्याला हालायला दिवसात जागाच कुठं ठेवलीय आपण! आम्ही त्या वयाचे असताना शाळा सुटली की दप्तर टाकलं आणि दिवे लागेपर्यंत बाहेर, कुणी व्यायाम म्हणून नव्हता केला तो. आता तो तास कुणी एकानं चोरला नाही, व्हॅननं थोडा घेतला, ट्यूशननं थोडा, लिफ्टनं, पार्किंगमधल्या खेळायला मनाई करणाऱ्या बोर्डानं. तो तास परत जोडून आणायचा एवढंच काम आम्ही वर्षभर केलं.

पहिला महिना मात्र माझ्यामुळं फुकट गेला, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण बरेच पालक आणि माझ्यासारखे पीटीचे शिक्षक हेच करतात. रविवारी त्याला छत्रपती शाहू क्रीडा संकुलात नेलं आणि ट्रॅकवर तीन राऊंड मारायला लावले. दुसऱ्या राऊंडला तोंड लाल, पोट धरून वाकला, बाजूची क्लबची पोरं बघत होती. पुढच्या रविवारी सकाळी पोटात दुखतंय. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखतंय. जड पोराला पळायला लावणं म्हणजे त्याच्या गुडघ्यावर आणि मनावर एकदमच भार टाकणं, तो व्यायाम त्याला शिक्षा वाटतो आणि शिक्षा कोण आवडीनं घेतं? ऑगस्टमध्ये वजन ४५.६. थांबलं नव्हतं.

मग व्हॅनपासून सुरुवात केली. व्हॅन सकाळची बंद, दुपारची चालू, कारण दुपारी ऊन असतं आणि पोरं दमलेली असतात. सकाळी चालत. ऐकायला सोपं आहे, करायला नाही, फुटपाथ नाही, डंपर जातात, कुत्री. दाजींनी दोन दिवस गाडी घरी ठेवून स्वतः चालून आतल्या गल्ल्यांतनं रस्ता काढला. बिल्डिंगमधली अजून दोन पोरं तयार झाली, मग पालकांनी वार वाटून घेतले, ज्याचा वार त्यानं तिघांना चालत न्यायचं. दप्तर फार जड होतं, तर दाजी दुकानाला जाता जाता तिघांची दप्तरं गाडीवर शाळेच्या वॉचमनकडं ठेवायचे. पोरं मोकळ्या हातानं चालायची, आणि मोकळ्या हातानं पोरं नुसती चालत नाहीत, पळतात, कठड्यावर चढतात, एकमेकाला शिवतात. पंचवीस मिनिटं अशी मिळाली.

ट्यूशन सहा दिवसांची तीन दिवस केली. ताईला हे सगळ्यात अवघड गेलं, गणित मागं पडेल म्हणून. पडलं नाही. उरलेल्या दिवशी संध्याकाळी खाली खेळायचं तर खाली बोर्ड, पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई. दाजी सोसायटीच्या मीटिंगला गेले, आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून बोलले, आणि साडेपाच ते पावणेसात टू-व्हीलर एका बाजूला लावायच्या असं ठरलं. पहिल्या आठवड्यात चार पोरं होती, दिवाळीपर्यंत चौदा. लंगडी, डबा ऐसपैस, दोरीच्या उड्या. एकट्या दाद्यासाठी म्हणून काहीच नव्हतं त्यात, आणि तेच बरं झालं.

शाळेचं थोडक्यात लिहितो, नाव घेत नाही. टाइमटेबलवर पीटीचे दोन तास, त्यातला एक कायम गणिताला किंवा गॅदरिंगला जायचा, दुसऱ्यात पन्नास पोरांत एक बॉल. मी स्वतः जाऊन बोललो, तर पालकांना मार्क पाहिजेत सर असं उत्तर मिळालं. मीही शाळेतलाच माणूस आहे, त्यामुळं हे फार लागलं. शाळेच्या ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, आणि गेटबाहेर काय विकलं जातं ते सगळ्यांना दिसतं. शाळेकडनं वर्षभरात काही बदललं नाही, जे झालं ते घरानं आणि गल्लीनं केलं.

आता खाण्याचं, आणि खाण्याचं म्हणजे आज्जीचं.

आज्जी माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या दहा वर्षाच्या होत्या, बरोबर मागच्या जूनच्या दाद्याएवढ्या. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या, तिथं सुकडी म्हणजे कामावर वाटायचा पौष्टिक कोरडा खाऊ मिळायचा, घरात लाल मिलोची म्हणजे बाहेरनं आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी, ती पण निम्मी. धाकटा भाऊ भुकेनं रडून झोपायचा ते त्या अजून सांगतात. अशा बाईला ताटात उरलेलं बघवत नाही, आणि नातवाच्या दंडाला गोलाई दिसली की तिला वाटतं आपल्या जन्माचं सार्थक झालं. तिला बीएमआयचा तक्ता दाखवून काय होणार होतं? एका रविवारी मी फक्त एवढं विचारलं की आज्जी, तुम्ही दहा वर्षाच्या असताना दिवसात किती चालायचा? त्या मोजायला लागल्या, पाण्याला इतकं, जळणाला इतकं, कामावर इतकं. मग म्हणाल्या, "आमाला खायला न्हवतं अन् फिरायला लई हुतं. ह्येला उलटंच झालंय बघा." तिथनं पुढं आज्जीच आमच्या बाजूच्या झाल्या.

एक दिवस किचनमध्ये सगळे बसलो. दाद्याच्या आवडीची कोल्ड्रिंकची अडीचशे मिलीची बाटली घेतली आणि लेबल त्यालाच वाचायला लावलं. १०० मिलीला साखर १०.६ ग्रॅम. पाचवीचं गणित, त्यानंच केलं, साडेसव्वीस ग्रॅम. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला. रिकाम्या ग्लासात त्यानं एकेक चमचा साखर टाकली, पाच चमचे पूर्ण आणि वर थोडी. ग्लासाचा तळ दिसेना. आज्जीनं ग्लास उचलून उजेडाला धरला आणि म्हणाल्या एवढी तर मी आख्ख्या घराच्या चहाला घालत न्हाई. पुढं काही बोलावं लागलं नाही. दुधात घालायच्या चॉकलेट पावडरीचं पण त्यानं स्वतःच लेबल वाचलं.

डब्यात नूडल्स, जॅम-ब्रेड जायचं त्याच्या जागी थालीपीठ, मटकीची उसळ-चपाती, कधी भाकरीचा काला दह्यातला. शाळेतनं आल्यावर खारी-फरसाणाच्या जागी उकडलेल्या शेंगा, हरभरा, पेरू. जेवण आठला, टीव्ही बंद, दाजींचं ताट झाकून. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी, मग बाकीचं. सगळ्यांना तेच, एकट्यासाठी वेगळं शिजवायचं नाही, हे पक्कं ठरवलेलं. आणि कंदी पेढा बंद केला नाही. साताऱ्यात राहून पोराला पेढा बंद करणं म्हणजे त्याला चोरून खायला शिकवणं, त्यापेक्षा रविवारी सगळ्यांनी बसून एकेक खावा.

अजून एक नियम दाजींनी केला, घरात कुणीही, पाहुण्यानं सुद्धा, त्याला जाड्या-बिड्या म्हणायचं नाही. एका लग्नात चुलत काकांनी पोटाला चिमटा घेऊन काहीतरी म्हटलं, तर दाजी सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "काका, तुमच्या पाया पडतो, पण परत असं बोलू नका." चिडवल्यानं पोरं बारीक होत नाहीत, आतल्या आत खातात जास्त आणि खेळायला बाहेर पडत नाहीत. दाजींचं ते बोलणं दाद्यानं ऐकलेलं. त्या रात्री तो दाजींच्या शेजारी जाऊन झोपला.

सप्टेंबर संपताना उंची १३९.५, वजन ४५.२. थांबलं.

याच सुमाराला तालीम आली. बिल्डिंगमधल्या एका पोराबरोबर दाद्या सहज बघायला गेला, आणि वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अंगात रग हाय की पोराच्या." त्याच्या अंगाबद्दल कुणीतरी चांगलं बोललेलं त्यानं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून गेला. तालमीत पहिला महिना कुस्ती नाहीच, फावड्यानं हौद्यातली माती उकरायची, हळद-तेल-ताक घातलेली ती लाल माती वरखाली करायची, मग बैठका, मग लोळणं-उठणं. अर्धा तास माती उकरून बघा, ट्रॅकच्या तीन राऊंडपेक्षा जास्त घाम निघतो, आणि इथं कुणी मागं पडत नाही. आठवड्यातनं तीन संध्याकाळी. खाशाबा जाधव आपल्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमधनं कुस्तीत ब्राँझ मेडल आणलेलं, हे वस्तादांकडनं ऐकून आला आणि आठवडाभर घरात तेच.

पण नोव्हेंबरात वजन ४६.८! सगळे हबकले. दिवाळीचा फराळ होताच, पण खरं कारण दुसरंच निघालं. पोरगं तालमीत जातंय म्हटल्यावर आज्जीनं त्याला खुराक चालू केलेला, सकाळी तूप घालून दूध, मूठभर बदाम, रात्री परत दूध. प्रेमानंच. मी किंवा ताई बोललो असतो तर वाईट वाटलं असतं, म्हणून वस्तादांनाच घरी चहाला बोलावलं. त्यांनी आज्जीला हळू आवाजात सांगितलं, आज्जी, खुराक चार-चार तास मेहनत करणाऱ्या पैलवानाला, आपल्या पोराची मेहनत तासाभराची, त्याला घरातली भाकरी आणि उसळच खुराक. वस्तादांचा शब्द म्हणजे आज्जीला देवाचा शब्द.

दाद्याचं वजन थांबवण्यात आज्जींचं दुसरं मोठं काम म्हणजे अजिंक्यतारा. रविवारी सकाळी सहाला दोघं गडाला निघायची, वर डांबरी रस्ता आहे, सकाळी निम्मा सातारा तिथं फिरायला असतो. पहिल्या वेळेला निम्म्यात दाद्या बसला आणि आज्जी पुढं निघून गेल्या, वळणावरनं हाक मारत. त्या पासष्टीच्या आसपासच्या. पावसाळ्यात धुकं असलं तरी छत्री घेऊन जायच्या. दसऱ्यापर्यंत दाद्या दरवाज्यापर्यंत पोचला, पौष महिन्यात वर मंगळाईच्या देवळापर्यंत. चढताना आज्जी त्याला त्यांच्या तालुक्यातल्या ललिता बाबरचं सांगायच्या, मोहीची पोरगी, रानात पळून पळून २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरनं पळायच्या शर्यतीच्या, फायनलला गेली, दहावी आली जगात. दाद्या म्हणायचा आज्जी, दहावी म्हणजे काय पहिली नाही, आणि आज्जी म्हणायच्या आधी मंगळाईपतुर चल मग बोल.

झोपेचं फार काही केलं नाही, जेवण आठला आल्यावर झोप आपोआप साडेनऊला सरकली. मोबाईल रात्री आज्जीच्या उशाखाली.

फेब्रुवारीत उंची १४२, वजन ४६. या जूनला उंची १४४, वजन परत ४६, कंबर ७४. वर्षात एक किलो, आदल्या वर्षीच्या सातच्या जागी. बीएमआय २२.२, तक्त्यावर लठ्ठपणाच्या रेषेच्या खाली आलाय पण वजन जास्तच्या पट्ट्यात अजून आहे, आणि कंबर ७२ च्या आत पाहिजे तिथं दोन सेंटीमीटर बाकी आहेत. लिव्हरची तपासणी नॉर्मल. मानेवरचा डाग फिका झालाय, गेलेला नाही, डॉक्टर म्हणाले अजून वेळ लागेल. बुधवारचं पान परत लिहिलं, हालचाल ७५ ते ८० मिनिटं निघाली. मे महिन्यात सुट्टीत मात्र तीन आठवडे सगळं विस्कटलेलं, सकाळचं चालणं बंद, दिवसभर मोबाईल, सुट्टीचा दिवस कसा भरायचा हे आम्हाला अजून जमलेलं नाही, पुढच्या मे महिन्याचं आत्तापासूनच ठरवावं लागणार.

शाळा उघडायच्या आधी ताई युनिफॉर्मला निघाली तेव्हा आज्जी म्हणाल्या थांब गं, जुनी तर घालून बघू दे. मागच्या वर्षीची आठवीच्या मापाची पँट, कमरेला सैल झालेली, हुक एक बोट आत घ्यावं लागलं. खाली मात्र घोट्याच्या वर आलेली. दाद्या स्टुलावर उभा राहिला, आज्जी चष्मा लावून खाली बसल्या, आणि ब्लेडनं दुमडीची शिलाई एकेक टाका करून उसवायला लागल्या, चार इंचांतली दीड इंच.